प्राचीन नाण्यांची स्वच्छता आणि ऐतिहासिक पुराव्याचे जतन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची मांडणी करताना अभिलेख, वाङ्मय आणि नाणी या तीन साधनांचा आधार घेतला जातो. यांपैकी नाणे हे साधन सर्वसामान्य माणसाच्या हाती सहज येते आणि म्हणूनच त्याची हानीही सर्वाधिक होते. शेतात नांगरताना किंवा जुन्या घराचा पाया खोदताना सापडलेले नाणे बहुधा सर्वप्रथम चिंच लावून घासले जाते. तांब्याची भांडी कळकू नयेत म्हणून ती चिंचेने उजळण्याची आपली गृहरीत योग्यच आहे. परंतु भांड्याचा कळंक आणि नाण्याचा कळंक यांत अंतर आहे. भांडे वापरासाठी असते, तर नाणे वाचण्यासाठी. प्रस्तुत लेखात नाण्यावरील थर दूर करण्याचा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

जोगलटेंभीचा पुरावा

1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 13,250 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा संचय सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी 1908 साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. त्यांपैकी सुमारे 9,270 नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा उमटविली होती. एका बाजूस चैत्य व लेख, तर दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह आहे.

नाशिक लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख क्षहरात वंशाच्या उच्छेदाची ग्वाही देतो. तथापि पराभूत राजाचे नाव त्यात येत नाही. ती उणीव या नाण्यांनी भरून काढली. चैत्याच्या रेषांमधून डोकावणारा नहपानाचा मुखवटा, कडेला उरलेली ग्रीक अक्षरे, मागील बाजूच्या ब्राह्मी व खरोष्ठी लेखाचे तुटक अवशेष यांवर हा निष्कर्ष उभा आहे. मूळ छापाचे हे अवशेष अत्यंत उथळ असतात. सोनाराच्या उजाळ्याने किंवा तीव्र आम्लाने पृष्ठभाग थोडा जरी उतरला, तरी वरचा ठळक छाप टिकतो आणि खालचा नाहीसा होतो. म्हणजे नाणे चकचकीत होते, सातवाहनांचेही राहते. केवळ त्यावरील नहपान पुसला जातो. आम्लाने वजनही घटते, त्यामुळे तौलमानाचा अभ्यास करणाऱ्याची फसगत होते ती वेगळीच.

धातू आणि त्याचे विकार

थर दूर करण्यापूर्वी धातू ओळखणे अनिवार्य ठरते. सातवाहनांनी चांदीबरोबरच तांबे, शिसे आणि पोटीन (तांबे, कथिल व शिसे यांचा मिश्रधातू) यांची नाणी पाडली. या सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही.

तांब्यावरील लालसर क्युप्राइट आणि त्यावरील घट्ट, गुळगुळीत हिरवा मॅलाकाइट हे थर स्थिर असतात. अनेकदा अक्षरांचे बारकावे मूळ धातूत नव्हे, तर याच थरांत शिल्लक असतात. अशा नाण्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून माती मऊ करणे, पाणी वरचेवर बदलणे आणि भिंगाखाली बांबूच्या अणकुचीदार काडीने किंवा बाभळीच्या काट्याने ती अलगद सोडविणे एवढेच पुरेसे असते. तेलकट डाग किंवा पीव्हीसीच्या पाकिटामुळे आलेला चिकट हिरवा लेप असेल, तर शुद्ध ॲसिटोन वापरावे; मात्र खोली हवेशीर असावी आणि जवळपास ज्योत नसावी.

याउलट फिकट हिरवी, भुकटीसारखी आणि पुसली तरी पुन्हा उगवणारी ठिपकी दिसल्यास तो ‘ब्राँझ रोग’ समजावा. धातूतील क्लोराइड, दमट हवा आणि प्राणवायू यांच्या संयोगाने आम्ल तयार होते व ते धातू पोखरत राहते. लिंबू-मिठाचा घरगुती प्रयोग येथे विशेष घातक होय, कारण मीठ स्वतःच क्लोराइड आहे. असे नाणे इतरांपासून वेगळे काढून कोरड्या जागी सिलिका जेलसह ठेवावे. सोडियम सेस्क्विकार्बोनेट, बेंझोट्रायझोल यांसारखे उपचार प्रयोगशाळेतील जाणकारावरच सोपवावेत.

शिशाच्या नाण्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. तांब्याला मानवणारे डिस्टिल्ड वॉटर शिसे विरघळविते. व्हिनेगर तर सोडाच, लाकडी कपाटातून निघणाऱ्या आम्लवाफांनीही शिशाची पांढरी भुकटी होते. त्यामुळे येथे कोरडा मऊ ब्रश, हातमोजे आणि बंद प्लॅस्टिक डबी यांपलीकडे घरी काही करू नये. ही धूळ विषारी असते. चांदीच्या नाण्यावर हिरवा थर दिसला, तर तो बहुधा तिच्यात मिसळलेल्या तांब्याचा असतो. काळा थर गंधकाचा असतो आणि तो पातळ असल्यास काढण्याची गरजही नसते.

एक अनुभव

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना प्रस्तुत लेखकाने स्वतःजवळची एक शिवराई चिंचेत रात्रभर ठेवली होती. सकाळी ती लालबुंद झाली. ‘श्री राजा शिव’ या तीन ओळी शाबूत होत्या, परंतु ‘शिव’वरील वेलांटी ऱ्हस्व होती की दीर्घ, हे सांगता येईना. शिवरायांच्या नावाच्या या पैशाच्या असंख्य छापांचे वर्गीकरण वेलांटी, मात्रा आणि कडेच्या ठिपक्यांवरूनच होते. त्या नाण्याचा प्रकार आजतागायत ठरविता आलेला नाही.

नोंदीचे महत्त्व

जमिनीत दडलेल्या व दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे 1878 च्या निखात निधी अधिनियमाने बंधनकारक केले. संचय सापडल्यास ही खबर आधी द्यावी, नाणी तोवर घासू नयेत आणि एकमेकांना चिकटलेली असल्यास ती सोडवू नयेत. स्वतःच्या संग्रहातील नाण्यावरही हात चालविण्यापूर्वी त्याचे वजन घ्यावे व दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत. निघालेली माती टाकून न देता कागदी पुडीत, नाण्याच्या क्रमांकासह ठेवावी. ज्या थैलीत नाणी पुरली गेली, तिच्या कापडाचा ताणाबाणा कधी कधी याच हिरव्या थरात उमटलेला असतो, आणि तो भिंगाशिवाय दिसत नाही.