लिस्बनचा बंदी आणि पुण्याचे स्वर

सन १९५५ मध्यें श्री. सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलेलें 'गीतरामायण' ऐकण्यास महाराष्ट्र दर आठवड्यास पुणें आकाशवाणीकडे कान लावून बसत असे. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत, पणजीसमोर मांडवीपलीकडील बेतीच्या पोलीस ठाण्यावर चाल करतांना, आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे गोळी लागून पोर्तुगीजांच्या हातीं सांपडले. सजा झाली २६ वर्षांची. पुढें रवानगी थेट लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यांत. त्यांतलीं सहा वर्षें एकांतवासाचीं!

डिसेंबर १९६१ मध्यें गोवें मुक्त झालें. १९६२ मध्यें हजारों पोर्तुगीज युद्धकैदी मायदेशीं परतलेहि. रानडे मात्र कोठडींतच राहिले. पोर्तुगालास गोव्याचें विलीनीकरण मान्य नव्हतें, उभय देशांचे राजनैतिक संबंध तुटलेले. मग दाद मागावी कोणाकडे?

फडक्यांना हा प्रश्न परका नव्हता. दादरा-नगरहवेलीच्या १९५४ च्या लढ्यांत ते स्वतः उतरले होते. गवयानें गावें, इतर उठाठेवी करूं नयेत, असें मानणारे आपल्यांत पुष्कळ. फडके त्यांतले नव्हते. त्यांनीं रानड्यांच्या सुटकेसाठीं विमोचन समिति उभारली व लोकांच्या विस्मृतीशीं चिकाटीनें झुंज दिली. (त्यांच्या चालींवर आपण तासन् तास बोलतों, या खटपटीवर क्वचितच.) अखेर १९६८ मध्यें मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनीं पोप सहावे पॉल यांच्या भेटींत रानड्यांसाठीं शब्द टाकला. कॅथलिक पोर्तुगालांत त्या पीठाला वजन होतें. जानेवारी १९६९ मध्यें रानडे सुटले, तेव्हां गोव्यास मुक्त होऊन सात वर्षें उलटलीं होतीं.