सहा तारांचा फ्यूज

हा घटनाक्रम कुठल्या एका घराचा नाही. जुन्या वायरिंगच्या घरात विजेच्या जादा भाराने आग लागते ती अनेकदा याच वाटेने, म्हणून ती वाट तासातासाने मांडतो आहे. घर गिरगावातल्या चाळीतलं धरू, दोन खोल्यांचं. दिवस गणेश चतुर्थीचा. सगळ्या घराला सर्किट एकच, वायर एक चौरस मिलिमीटर तांब्याची. दाराजवळ लाकडी बोर्ड आणि त्यावर पाच अँपिअरचं चिनी मातीचं किटकॅट, म्हणजे तार बदलता येणारा फ्यूज.

सकाळी ७.१० : आगीला १३ तास २० मिनिटं

बादलीत दीड हजार वॅटचा रॉड. बोर्डावरच्या प्लगला हजार वॅटची इस्त्री. तीन पंखे आणि तीन ट्यूब पहाटेपासून चालू. बेरीज २,८७५ वॅट, म्हणजे २३० व्होल्टला साडेबारा अँपिअर. काही सेकंदांतच फट् आवाज होतो आणि पंखे मंदावत थांबतात.

"दादा, फ्यूज गेला रे!"

भारतीय मानक ७३२ दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहाच पॉइंट किंवा ८०० वॅट सांगतं, म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. इथे त्याच्या साडेतीनपट भार होता. फ्यूज उडाला हे योग्यच झालं.

७.२५ : १३ तास ५ मिनिटं

माझ्या मते आग इथे लागते. ज्वाळा रात्री दिसेल एवढंच.

दादा किटकॅट ओढून काढतो. पांढऱ्या चिनी मातीवर काळा डाग, एका स्क्रूखाली वितळलेल्या तारेचा मोहरीएवढा मणी. घरात फ्यूजची तार नाही, सणाच्या दिवशी वायरमन मिळणार नाही. माळ्यावरच्या मोडक्या टेबलफॅनची वायर सापडते. सुरीने साल काढली की आत केसासारख्या तारा दिसतात, प्रत्येक ०.२ मिलिमीटर जाडीची. पाच अँपिअरच्या फ्यूजतारेची जाडीही तेवढीच, म्हणजे एक तार पुरेशी होती. पण सण आहे, पाहुणे येणार, सारखा फ्यूज उडायला नको, म्हणून दादा सहा तारा एकत्र पिळून स्क्रूखाली आवळतो.

सहा तारांचं तांबं जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या एका तारेएवढं होतं. ती १५ अँपिअरची फ्यूजतार, आणि वितळते ती साधारण त्याच्या दुप्पट करंटला. भिंतीतली वायर मात्र दहा-अकरा अँपिअरचीच आहे. फ्यूज असतो तो या वायरसाठी. इस्त्री, पंखा, टीव्ही यांना वाचवणं हे त्याचं काम नव्हे. वायरच्या आधी वितळला तरच तो फ्यूज. वायरपेक्षा जास्त सोसू लागला की संरक्षण संपलं.

दादा किटकॅट दाबून बसवतो. पंखे फिरतात.

१०.०० : १० तास ३० मिनिटं

प्राणप्रतिष्ठा होते. मखरासमोर पाचशे वॅटचे दोन हॅलोजन लागतात. रॉड आणि इस्त्री बंद, त्यामुळे करंट सहा अँपिअर. वायरला त्रास नाही. एलईडीच्या माळा तर हिशेबात धरण्याइतक्याही नाहीत. घरोघरी दोष रोषणाईला दिला जातो, पण खरा भार तापणाऱ्या वस्तूंचा असतो.

दुपारी ४.३० : ४ तास

गॅसच्या दोन्ही शेगड्यांवर मोदकपात्रं. चहासाठी सोळाशे वॅटची इंडक्शन शेगडी त्याच बोर्डावर येते. करंट जवळपास १३ अँपिअर. सकाळची एकेरी तार असती तर आत्ताच वितळली असती आणि चहा उशिरा झाला असता. नुकसान तेवढंच.

सायंकाळी ६.१५ : २ तास १५ मिनिटं

दारावरच्या लाकडी पट्टीत वायरचा एक जुना जोड आहे, नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला. टेप वाळून सुटली आहे. सैल जोडाला रोध जास्त, म्हणून तो उरलेल्या वायरीपेक्षा आधी तापतो. तापला की तांब्यावर काळा थर धरतो, त्याने रोध आणखी वाढतो. शेगडी चालू झाली की ट्यूब मिचकावते. घरातले म्हणतात, व्होल्टेज कमी आहे.

कुजक्या मासळीसारखा वास येऊ लागतो. तापलेल्या प्लॅस्टिकला आणि बॅकेलाइटला असा वास येतो, पण धूप-कापूर पेटलेले आहेत, कुणाच्या ध्यानात येत नाही. याच वेळी कुणी बोर्डावर तळहात ठेवला असता, तर चटका बसून मेन बंद झाला असता.

८.०५ : २५ मिनिटं

आरतीची तयारी. आत कुणी साडीला इस्त्री फिरवतंय, शेगडीवर पुन्हा चहा, स्पीकर चालू. एकूण ४,१२५ वॅट, जवळपास १८ अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वायरमध्ये आता तिच्या मर्यादेच्या अडीच पटीहून जास्त उष्णता तयार होते आहे. पीव्हीसीचं वेष्टन ७० अंश सेल्सिअसपर्यंतचं; ते मऊ पडू लागतं.

पाच अँपिअरची खरी फ्यूजतार हा भार क्षणभरही सोसत नाही. दहा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा भाराला आपोआप पडणारा स्विच, काही मिनिटांत पडतो. पण हौसेने सोळाचा एमसीबी बसवला असता तर? मानकाप्रमाणे एमसीबी त्याच्या अंकाच्या १.१३ पट करंटला तासभर पडता कामा नये, सोळाच्या १.१३ पट म्हणजे १८. म्हणजे नवाकोरा, उत्तम प्रतीचा एमसीबीही ही वायर जळताना पाहत राहिला असता. आरसीसीबीचाही इथे उपयोग नाही, तो फक्त गळती पकडतो. किटकॅट काढून एमसीबी लावले म्हणून निर्धास्त झालेल्या घरांनी एमसीबीवरचा अंक आणि आतली वायर यांचा मेळ आजच वायरमनकडून तपासून घ्यावा, हे मी कळकळीने सांगतो.

८.२२ : ८ मिनिटं

जोडाजवळचं वेष्टन कोळसा होतं. लाकडी पट्टी आतून धुमसते. मऊ पडलेल्या वेष्टनातून फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात. शॉर्ट. शेकडो अँपिअर वाहतात आणि सहा तारांचा फ्यूजही निमिषात उडतो. घरात अंधार.

वीज गेली, पण पट्टी धुमसतेच आहे. तिला आता विजेची गरज उरलेली नाही.

८.२७ : ३ मिनिटं

मोबाइलच्या उजेडात दादा पुन्हा तारा पिळतो. या वेळी मोजत नाही. मेन बंद करायचं सुचत नाही. किटकॅट बसताच निळा-पांढरा भडका होऊन त्याची बोटं भाजतात. शॉर्ट तसाच होता.

८.३०

पट्टीवरून ज्वाळा माळ्यावर चढते. तिथे जुन्या गाद्या, रद्दी, मागच्या वर्षीचं कापडी मखर. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, डोळे आणि घसा जळतात, दार दिसेनासं होतं. "पाणी टाका" म्हणून कुणी कळशी उचलतं. शेजारचे काका त्याला अडवतात, खाली मीटरखोलीत धावतात आणि या जागेचा मेन पाडतात. कुणीतरी १०१ लावतं. चाळीचा जिना लाकडी आहे, म्हणून आजी आणि लहान मुलं आधी खाली उतरवली जातात, मग बाकीचे.