तालीम आणि कसरत

दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातलं कुस्तीचं सभागृह के. डी. जाधवांच्या नावाचं आहे. नोएडातल्या माझ्या जिमच्या ट्रेनरला ते नाव ठाऊक होतं, ‘के. डी.’ म्हणजे आमचे खाशाबा, हे मात्र मला सांगावं लागलं.

सांगण्याचं कारण वेगळंच होतं. चाळिशी उलटल्यावर मी वजनं उचलू लागले. सुरुवातीला दर आठवड्याला थोडं वजन वाढायचं. मग तीन महिने काटा चाळीस किलोंवर अडला आणि मी जिम सोडायच्या बेतात आले. त्या दिवसांत खाशाबांची साल नव्याने वाचली.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोंच्या गटात लढले. मातीतला पैलवान गादीवर उतरला होता. मातीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पंचांचा कौलही मोजला जायचा. त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीत ते ५७ किलोंच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पाच किलो वरचा गट, तीन पायऱ्या वरचा क्रमांक, आणि मध्ये चार वर्षं.

ही चार वर्षं त्यांनी एकट्याने काढली नाहीत. हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. लंडनच्या सहाव्या क्रमांकात त्यांना अपयश दिसलं असतं, तर घर गहाण पडलं नसतं.

अनुवादक असल्याने मी शेवटी शब्दांकडे वळते. इथे दिल्लीत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. कोल्हापुरात तालीम म्हणजे जिथे पैलवान घडतो ती जागा. शब्द एकच, अरबीतून आलेला, मूळ अर्थ शिकवणं. ‘कसरत’ही अरबीच, तिचा मूळ अर्थ विपुलता, पुष्कळपणा. तेच ते पुष्कळ वेळा करणं म्हणजे व्यायाम, हे भाषेने कधीच मान्य करून टाकलंय. ताकद कमावतात असं आपण म्हणतो. हे दोन शब्द म्हणतात, ती शिकायची असते, आणि शिकणाऱ्याला नापास व्हायची मुभा असते.

ट्रेनरला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याने विचारलं, “कल आओगी, दीदी?” मी म्हटलं, येईन. चाळीसच उचलेन.