मेलेल्यांची उतरंड : तोशी मारुकी यांची चित्रे

मी शाळेत चित्रकला शिकवीत असे. दरवर्षी ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन असला की फळ्यावर अणुबाँबचा छत्रीसारखा ढग काढण्याचे काम माझ्याकडे येई. कितीतरी वर्षे मी तो ढग काढला. ढगाखाली माणसे होती, ती काढावीत, असे मला एकदाही सुचले नाही. पुढे तोशी मारुकी या जपानी चित्रकर्तीच्या चित्रांचे एक पुस्तक हाती आले आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांच्या हिरोशिमाच्या चित्रमालेत तो ढग नाही. आहेत ती माणसेच. ढग विमानातून नीट दिसतो, खालून माणसेच दिसतात. चित्रकार कुठे उभा आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

तोशी यांचा जन्म १९१२ चा, होक्काइदो बेटावरच्या चिप्पुबेत्सु गावी. माहेरचे नाव आकामात्सु, घर बौद्ध मंदिराचे. होक्काइदो ही मूळची आयनू लोकांची भूमी. जपानी राज्याने तिथे आपली वस्ती नेली, त्या वस्तीतल्याच ह्या. तोक्योच्या सरकारी कलाशाळेचे दार तेव्हा मुलींना बंद होते. ते १९४६ साली उघडले. म्हणून तोशी स्त्रियांसाठी असलेल्या वेगळ्या कलाशाळेत तैलचित्रण शिकल्या. नंतर प्राथमिक शाळेत शिकवले, मुलांची शिकवणी करण्यासाठी मॉस्कोला गेल्या, १९४० मध्ये जपानच्या ताब्यातल्या पलाउ बेटांवर जाऊन तिथल्या लोकांची चित्रे काढली. तिथून आल्यावर युद्धाच्या काळात दक्षिणेकडच्या बेटांवर मुलांसाठी चित्रांची पुस्तकेही केली. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साम्राज्याच्या सावलीत त्याही वाढल्या होत्या. पुढे त्यांनी जे केले त्याचे मोल यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

१९४१ मध्ये त्यांनी इरी मारुकी यांच्याशी लग्न केले. इरी हिरोशिमाकडचे, शाईचित्रांच्या परंपरेतले. बाँब पडल्यावर काही दिवसांतच इरी गावाकडे धावले, मागोमाग तोशी गेल्या. जखमींची शुश्रूषा केली, प्रेते जाळली. पण चित्र लगेच आले नाही. पहिले चित्र, ‘भुते’, १९५० मध्ये लोकांसमोर आले. जपानवर तेव्हा अमेरिकी सैन्याचा ताबा होता, म्हणून प्रदर्शनात त्याला नुसती तारीख हेच नाव दिले : ६ ऑगस्ट.

यातले प्रत्येक चित्र सुमारे १.८ मीटर उंच आणि ७.२ मीटर लांब. तोशी उघडी शरीरे रेखाटीत, इरी त्यांवर पातळ शाई ओतीत. रेषा बुडाल्या की तोशी चिडत आणि पुन्हा रेखाटीत. या भांडणातूनच ती चित्रे झाली. नवऱ्याच्या नावामागे बायकोचे काम दडून जाते हा जगाचा नियम. इथे दोघांचे हात चित्रात वेगवेगळे ओळखू येतात.

त्यांच्या गोतावळ्याविषयीही सांगितले पाहिजे. इरींची आई सुमा हिने शेतात आणि नदीवर राबून जन्म काढला. सत्तरी ओलांडल्यावर सुनेने तिच्या हाती कुंचला दिला. म्हातारीने मांजरे, फुले, मासे यांची शेकडो चित्रे काढली आणि नामांकित प्रदर्शनांत जागा मिळवली. १९५६ मध्ये ती वारली. इरींची बहीण आया ओमिचि हिनेही साठीच्या सुमारास चित्रे सुरू केली. कला शिकलेल्यांचीच मिरास आहे असे मानणाऱ्यांनी हे घर पाहावे. योशिदा योशिए आणि त्यांच्यासारख्या तरुणांनी ही चित्रे गुंडाळून गावोगाव नेली. लोक शाळांतून, सभागृहांतून ती पाहत. अणुबाँबविषयी उघड बोलणे कठीण असतानाचे हे दिवस होते.

खरी कसोटी पुढे आली. १९७० मध्ये चित्रे अमेरिकेत गेली. तिथे एका प्राध्यापकाने विचारले : चिनी चित्रकाराने नानजिंगच्या कत्तलीची चित्रे काढून जपानात आणली, तर तुम्ही काय कराल? हा प्रश्न टोलवता आला असता. आमच्या दुःखाची तुलना नको, असे म्हणता आले असते. मारुकी दांपत्याने तो घरी नेला. १९७१ च्या तेराव्या चित्रात हिरोशिमात कैदेत असलेले अमेरिकी वैमानिक आले. त्यांना मारणारे हात जपानी आहेत. १९७५ मध्ये त्यांनी नानजिंगही काढले.

पण मला सर्वांत अस्वस्थ करते ते चौदावे चित्र, १९७२ चे, ‘कावळे’. नागासाकीत कोरियन मजुरांची प्रेते सर्वांत शेवटपर्यंत पडून राहिली आणि कावळे त्यांचे डोळे टोचत होते, ही हकीकत मिचिको इशिमुरे या लेखिकेने लिहिली होती. त्यावरून हे चित्र झाले. काळ्या पंखांचा ढीग, आणि त्यावर तरंगणारे कोरियन बाईचे पांढरे कपडे. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली म्हणतात. इथे कावळा शिवतो तो ज्यांना कोणी उचलायला आले नाही त्यांना.

बाँबने जात पाहिली नाही, वंश पाहिला नाही. प्रेते उचलणाऱ्यांनी मात्र पाहिला. हिरोशिमात कोरियन मृतांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले तेही शांती उद्यानाच्या बाहेर. ते आत यायला १९९९ उजाडले. माणूस मेला तरी त्याची पायरी मरत नाही. ज्या गावात दोन स्मशाने आहेत तिथे मी वाढलो, म्हणून हे मला कुणी समजावून द्यावे लागले नाही.

अशा चित्रांना प्रचारकी म्हणणारे तिथेही होते. डाव्या पक्षाला वाटे की चित्रकाराने पक्षाची ओळ सोडू नये. अणुचाचण्यांच्या प्रश्नावर पक्षाशी मतभेद झाले आणि १९६४ मध्ये दोघांनाही पक्षातून काढले. दोन्ही बाजूंनी त्यांना हवे तेवढेच दुःख रंगवायला सांगितले जात होते. त्यांनी यादी वाढवत नेली : आउशवित्झ, १९८० मध्ये कारखान्याच्या पाऱ्याने नासलेले मिनामाता, १९८४ मध्ये ओकिनावा. हिरोशिमाची मालिका १९८२ मध्ये पंधराव्या चित्राने संपली. पहिली चौदा चित्रे हिगाशी-मात्सुयामा इथल्या, त्यांनी १९६७ मध्ये स्वतः उभारलेल्या चित्रशाळेत आहेत. इरी १९९५ मध्ये गेले, तोशी २००० मध्ये.

आपण सोसले, हे चित्र काढायला धैर्य लागते. सोसणाऱ्यांतही आपण कुणाला तरी मागे ठेवले, हे काढायला त्याहून अधिक लागते. चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या यादीत हा दुसरा प्रश्न घातला पाहिजे. आपल्या सभेत, आपल्या वस्तीत, आपल्या घरात शेवटी उचलले जाते ते कोण?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी फळ्यावर ढग काढला नाही. मुलांना म्हणालो, खाली कोण होते ते काढा. एका मुलीने आई काढली, एकाने गाय काढली. मागच्या बाकावरच्या एका पोराने फक्त एक हात काढला आणि विचारले, गुरुजी, ह्याला उचलायला कोण आलं? मला उत्तर देता आले नाही.