लेसर रासायनिक विश्लेषणातील त्रुटी : खनिजे व काच

घन नमुन्यावर लेसरचे स्पंद सोडून त्याचा अत्यल्प अंश उडवायचा, त्याचे सूक्ष्म कण हीलियम वायूबरोबर आर्गॉनच्या प्लाझ्मात न्यायचे आणि तेथे तयार झालेले आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजायचे, अशी ही पद्धत असून ती एलए-आयसीपी-एमएस या नावाने ओळखली जाते. ॲलन ग्रे यांनी १९८५ मध्ये माणिक-लेसर वापरून ती प्रथम मांडली. नमुना विरघळवावा लागत नाही आणि एकेका स्फटिकाची घडण स्वतंत्रपणे कळते, हा तिचा मोठा लाभ होय; परंतु उपकरण केवळ आयनांची संख्या सांगते आणि तिचे प्रमाणात रूपांतर करताना जे गृहीत धरले जाते त्यातच बहुतेक त्रुटींचे मूळ असते. त्यामुळे मोजणी पुन्हापुन्हा तीच आली, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही.

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला असून वणीच्या बाजूस पैनगंगा समूहाचा चुनखडक आढळतो; या दोन्ही खडकांत या अडचणी स्पष्ट दिसतात. बेसाल्टातील प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार पारदर्शक असल्याने २६६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ते पुरेसा शोषत नाही व त्याचे तुकडे उडतात; असे मोठे कण प्लाझ्मात पूर्णपणे आयनीभूत होत नाहीत. १९३ नॅनोमीटरच्या लेसरने हा दोष पुष्कळ कमी होतो. खड्डा खोल होत जातो तसतसे लवकर बाष्प होणारी व उष्णतेला दाद न देणारी मूलद्रव्ये निरनिराळ्या प्रमाणात बाहेर पडू लागतात. यास प्रभाजन म्हणतात, आणि झिरकॉनचे वय काढताना शिसे व युरेनियम यांचे गुणोत्तर त्यामुळेच सरकते.

समान वस्तुमानाच्या आयनांची गल्लत हा दोष अधिक फसवा आहे. बेरियमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेला १५३ वस्तुमानाचा आयन युरोपियम म्हणून मोजला जातो. प्लॅजिओक्लेजमध्ये बेरियम ३०० पीपीएम व युरोपियम १ पीपीएम असेल आणि हजारातील एक बेरियम आयन ऑक्साइड होत असेल, तर युरोपियमचा आकडा सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. या खनिजात युरोपियम मुळातच शेजारच्या मूलद्रव्यांपेक्षा ठळक असते, म्हणून या वाढीचा संशयही येत नाही.

प्रमाण ठरविण्यासाठी ज्ञात घडणीची काच व नमुन्यातील एक ज्ञात मूलद्रव्य, म्हणजे अंतर्गत प्रमाणक, यांचा आधार घेतात. एनआयएसटी ६१२ ही सोडा-चुना काच सर्रास वापरली जाते. कार्बोनेट मात्र काचेसारखे उडत नाही, आणि बेसाल्टासाठी बीसीआर-२जी ही बेसाल्टाचीच काच अधिक योग्य. चुनखडक शुद्ध कॅल्साइट समजून कॅल्शियम ४० टक्के धरले आणि चिकणमाती मिसळल्यामुळे ते प्रत्यक्षात ३६ टक्केच असले, तर बाकीच्या प्रत्येक मूलद्रव्याचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी फुगते. सर्व आकडे एकाच पटीने चुकत असल्याने आलेखाचा आकार बिघडत नाही व चूक दडून राहते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापाताने बेसाल्ट वितळून काच बनली. तिच्यात उल्केचा अंश शोधताना निकेल, कोबाल्ट व क्रोमियम पाहतात. मात्र उपकरणात आयन आत घेणारे शंकू बहुधा निकेलचेच असतात, त्यामुळे पार्श्वभूमी वजा करण्यातील हयगय थेट निष्कर्षात उतरते. शिवाय ही काच एकजीव नसते. तिच्यात वायूचे बुडबुडे व न वितळलेले कण राहतात.

पुरातन मण्यांबाबत प्रश्न पृष्ठभागाचा असतो. रायगड जिल्ह्यातील चौल येथील मण्यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात युरेनियमचे प्रमाण जास्त असलेला सोडा-ॲल्युमिना काचेचा गट पूर्व आफ्रिकेतील मण्यांशी जुळला. जमिनीत पुरलेल्या काचेतून सोडियम झिरपून जातो, म्हणून सुरुवातीच्या स्पंदांचे आकडे टाकून द्यावे लागतात. ऑक्साइडांची बेरीज १०० टक्के धरण्याच्या रीतीत अशा झिजलेल्या थरावर मोजणी झाल्यास सिलिका व ॲल्युमिना फुगतात आणि मणी भलत्याच गटात जाऊन पडतो.