हातातला उड्डाण-नियंत्रक

घरच्या संगणकावर किंवा गेम-कन्सोलवर विमान चालवण्याचा सराव करताना दोन्ही हातांत धरून वापरायचे, टेबलाला न जोडता चालणारे आणि पिशवीत मावणारे साधन. गेमपॅड हा त्याचा सर्वांत प्रचलित प्रकार आहे. मोठी जॉयस्टिक, विमानाच्या सुकाणूसारखे योक, पायाने दाबायचे रडर पेडल आणि वेगळा थ्रॉटल असा पूर्ण संच घरात मांडायला कायमची जागा लागते. वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत किंवा गावच्या घरी एकाच लॅपटॉपवर सराव करणाऱ्याला हातातला नियंत्रक सोयीचा पडतो. या सोयीपायी दांड्यांचा पल्ला लहान होतो आणि थोडी अचूकता गमवावी लागते. ती कितपत गमवायची, हे ठरवणे म्हणजेच नियंत्रकाची निवड करणे.

पूर्वपीठिका : जमिनीवर बसून उड्डाण शिकवणारे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेच्या एडविन लिंक यांनी १९२९ साली तयार केले. त्यांच्या घरचा व्यवसाय ऑर्गन बनवण्याचा असल्याने यंत्र हलवायला त्यांनी ऑर्गनचेच भाते वापरले. दुसऱ्या महायुद्धात ‘लिंक ट्रेनर’वर हजारो वैमानिक तयार झाले. घरगुती संगणकावर हा प्रकार ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीने आणला. त्यावरून घडलेला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली बाजारात आला. त्या काळी विमान मुख्यतः कीबोर्डवर चाले. कळ दाबली की सुकाणू ठरावीक पायरीने सरके, मधली अवस्था हाती येत नसे.

गेमपॅडला अंगठ्याने फिरवायची, किती ढकलली त्यानुसार कमीजास्त प्रतिसाद देणारी दांडी १९९६-९७ च्या सुमारास मिळाली. निन्टेंडो ६४ आणि सोनीचा ड्युअलशॉक यांनी ती रूढ केली. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची नवी आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये संगणकावर आणि जुलै २०२१ मध्ये एक्सबॉक्सवर आली. दिवाणखान्यात सोफ्यावर बसून विमान चालवणारा मोठा वर्ग तेव्हापासून तयार झाला. एक्स-प्लेन आणि मोफत मिळणारा फ्लाइटगियर हे इतर दोन प्रमुख सिम्युलेटर आहेत. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात.

विमानाला लागणारे अक्ष : नियंत्रक घेताना बटणे किती हे न मोजता अक्ष किती हे मोजावे. बटणाला चालू आणि बंद अशा दोनच अवस्था असतात. अक्ष मात्र शून्यापासून पूर्णापर्यंत कुठेही थांबू शकतो. लहान विमानाला असे किमान चार अक्ष लागतात. विमान डावीकडे-उजवीकडे कलवणे हा पहिला, नाक वर-खाली करणे हा दुसरा, नाक डाव्या-उजव्या बाजूला वळवणे हा तिसरा आणि इंजिनाची ताकद कमीजास्त करणे हा चौथा. पहिल्या दोन हालचाली एकाच दांडीवर बसतात. तिसरीसाठी खऱ्या विमानात पायाखाली रडर असतो आणि चौथीसाठी हाताशी थ्रॉटल.

सर्वसाधारण गेमपॅडवर दोन दांड्यांचे चार आणि दोन ट्रिगरचे दोन असे सहा अक्ष मिळतात. हिशेबाने ते पुरेसे आहेत, पण वाटणीत अडचण येते. मायक्रोसॉफ्टच्या मूळ मांडणीत डावी दांडी विमान कलवते आणि नाक वर-खाली करते, उजवी दांडी कॅमेऱ्याला दिलेली असते, दोन ट्रिगर रडरला आणि थ्रॉटल ए-बी बटणांना. त्यामुळे इंजिनाची ताकद पायऱ्यापायऱ्यांनी बदलते. धावपट्टीवर उतरताना थ्रॉटलला किंचित हात लावावा लागतो, आणि तेव्हाच ही पायरी खटकते.

प्रकार : हातात धरून वापरायच्या साधनांचे चार गट पाडता येतात.

पहिला गट सामान्य गेमपॅडचा. एक्सबॉक्सचा किंवा प्लेस्टेशनचा नियंत्रक घरात आधीच असेल तर खर्च शून्य. मोडला तर दुसरा सहज मिळतो आणि बहुतेक सिम्युलेटर त्याला आपोआप ओळखतात.

दुसरा गट खास उड्डाणासाठी बनवलेल्या हातातल्या नियंत्रकांचा. २०२३ साली पुढे आलेला अमेरिकेतील ‘यॉमन अ‍ॅरो’ हा याचा ठळक नमुना. त्याचे दोन्ही ट्रिगर आतून यांत्रिक पद्धतीने एकमेकांना जोडलेले आहेत. एक आत गेला की दुसरा बाहेर येतो, म्हणजे पायाखालच्या रडर पेडलांचेच वागणे बोटांशी येते. थ्रॉटलसारख्या कामांसाठी सरकपट्ट्या आणि ट्रिमसाठी, म्हणजे दांडीवरचा दाब नाहीसा करण्यासाठी, फिरते चाकही त्यावर आहे. हा नियंत्रक यूएसबी वायरने जोडतात.

तिसरा गट मोबाइल आणि टॅबचा. २०११ पासून मिळणाऱ्या इन्फिनिट फ्लाइटसारख्या अ‍ॅपमध्ये फोनच तिरपा करून विमान वळवतात. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. पण फोन कललेला असताना पडदाही कलतो आणि ‘मध्य’ कुठे आहे हे बोटांना कळत नाही.

चौथा गट स्वतःचाच पडदा असलेल्या हातातल्या संगणकांचा. २०२२ साली आलेला स्टीम डेक हे त्याचे उदाहरण. त्यात नियंत्रक आणि यंत्र एकच असते. मात्र लहान पडद्यावर विमानातील घड्याळे वाचणे जड जाते.

एका हाताने किंवा मर्यादित हालचालींनी खेळणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचा २०१८ मधील अ‍ॅडॅप्टिव्ह नियंत्रक आहे. त्याला बाहेरून वेगवेगळ्या दांड्या आणि बटणे जोडता येतात.

निवडीचे निकष : (१) *रडर.* एका इंजिनाचे सेसना १७२ सारखे विमान पूर्ण ताकदीने चढत असते तेव्हा त्याचे नाक डावीकडे ओढले जाते. ते सरळ ठेवायला उजवा रडर थोडासा, सतत दाबून ठेवावा लागतो. ज्या स्वस्त गेमपॅडचे ट्रिगर केवळ बटणासारखे चालतात, त्यांवर हे जमत नाही. ट्रिगर दाबानुसार प्रतिसाद देतो की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे.

(२) *थ्रॉटल.* सोडल्यावर जागेवरच राहणारी सरकपट्टी किंवा चाक असेल तर उत्तम. आपोआप मध्यावर परतणारी दांडी थ्रॉटलला गैरसोयीची ठरते. ताकद ठरवून हात मोकळा करता येत नाही.

(३) *ट्रिम.* खऱ्या विमानात दांडीवरचा दाब नाहीसा करायला ट्रिमचे चाक फिरवतात. स्प्रिंगच्या दांडीला असा बदलता दाब नसतो. म्हणून दांडी जिथे धरली आहे तिथेच धरून ट्रिम हळूहळू फिरवायचा आणि त्याच प्रमाणात अंगठा ढिला सोडत मध्यावर आणायचा, अशी सवय लावावी लागते. ट्रिमसाठी अंगठ्याजवळ किमान दोन बटणे मोकळी हवीत.

(४) *संवेदक.* दांडीची जागा मोजायला बहुतेक नियंत्रकांत पोटेन्शिओमीटर असतो. त्यात दोन भाग एकमेकांवर घासतात. कालांतराने ते झिजतात आणि हात न लावताही विमान एका बाजूला कलू लागते. हॉल परिणामावर चालणारा संवेदक चुंबकाच्या साहाय्याने, स्पर्श न होता मोजतो, त्यामुळे जास्त टिकतो. टेबलावरच्या जॉयस्टिकांपैकी थ्रस्टमास्टर टी.१६०००एम मध्ये असाच संवेदक आहे. हातातल्या नियंत्रकांतही आता तो मिळू लागला आहे.

(५) *जोडणी.* ब्लूटूथने चालणाऱ्या नियंत्रकाला बॅटरी लागते आणि प्रतिसादात किंचित उशीर होऊ शकतो. वायरचा नियंत्रक लॅपटॉपच्याच विजेवर चालतो. भारनियमनाच्या काळात लॅपटॉपच्या बॅटरीवर सराव करायचा असेल तर वायरचाच घ्यावा.

(६) *सुसंगती.* संगणकासाठीचा नियंत्रक कन्सोलवर चालेलच असे नाही. एक्सबॉक्सवर मान्यताप्राप्त साधनेच चालतात. परदेशातून मागवताना सीमाशुल्क धरून किंमत काढावी आणि भारतात हमी लागू आहे का ते विचारावे.

जुळवणी : चांगला नियंत्रकही जुळवल्याशिवाय नीट चालत नाही. अंगठ्याच्या दांडीचा पल्ला जेमतेम सेंटिमीटरभर असतो. हनीकोंब कंपनीचे टेबलावरचे योक मात्र १८० अंशांत फिरते. लहान पल्ल्यामुळे अंगठा जरा हलला तरी विमान जोरात कलते. त्यावर उपाय म्हणून सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये संवेदनक्षमतेचा वक्र मध्याजवळ चपटा करतात. मग दांडी थोडी हलवली तर सुकाणू अगदी थोडे हलते आणि शेवटापर्यंत ढकलल्यास पूर्ण हलते. डेड झोन, म्हणजे मध्याभोवतीचा निष्क्रिय पट्टा, दांडी सोडल्यावर विमान आपोआप कलू नये इतकाच ठेवावा. तो मोठा ठेवला तर बारीक दुरुस्त्या हरवतात आणि विमान सतत डुलत राहते. सुरुवातीला रडरचे स्वयंचलित साहाय्य चालू ठेवायला हरकत नाही, पण आडव्या वाऱ्यात उतरण्याचा सराव सुरू करताना ते बंद करावे.

चाचणीचा मार्ग : नांदेड ते येलदरी. नियंत्रक तपासायला ओळखीचा भूभाग सर्वांत बरा. मराठवाड्यातील वाचकासाठी नांदेडच्या श्री गुरू गोबिंद सिंगजी विमानतळावरून येलदरीपर्यंतचा फेरा सोयीचा आहे. येलदरी परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर आहे. १९६८ साली पूर्ण झालेले येथील धरण सुमारे ४.२ कि.मी. लांबीचे असून त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. नांदेडहून सरळ रेषेत ते वायव्येला सुमारे ८५ कि.मी. पडते.

पण सरळ न जाता नदीच्या खुणांनी जावे. गोदावरीच्या पात्राने वर जाऊन कंठेश्वरजवळचा पूर्णा-गोदावरी संगम गाठावा. पूर्णा जंक्शनवर परभणी, नांदेड आणि अकोला या तिन्ही दिशांचे लोहमार्ग एकत्र येतात, तेही ओळखता येते. तिथून पूर्णेच्या काठाने उत्तरेकडे हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर जलाशय आणि त्याच्या वरच्या अंगाला येलदरी. ताशी सुमारे २०० कि.मी. वेगाने सेसना हा मार्ग अर्ध्या तासाच्या आसपास कापते.

या फेऱ्यात प्रत्येक अक्षाची परीक्षा होते. उड्डाणानंतरच्या चढणीत रडर तपासला जातो. नदीच्या वळणांवरून जाताना विमान १५ ते २० अंश कलवून धरावे लागते, तेव्हा अंगठ्याची दांडी स्थिर राहते की नाही ते दिसते. येलदरीवर मोठी परीक्षा असते. जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६२ मी., म्हणजे अंदाजे १,५०० फूट आहे. उंचीमापक ३,००० फूट दाखवत असताना विमान भरलेल्या पाण्यापासून जेमतेम १,५०० फूट वर असते. या उंचीवर धरणाच्या भिंतीभोवती दोन मिनिटांत एक याप्रमाणे पूर्ण वर्तुळे घालावीत. उंची शंभर फुटांच्या आत टिकली, तर दांडी आणि ट्रिम चांगले जुळले असे समजावे. परतून नांदेडला उतरताना थ्रॉटलची पायरी खटकते का, हे कळते. उतरण्याचा नेहमीचा मार्ग तीन अंशांचा असतो. त्यात दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट खाली यावे लागते. बटणाच्या थ्रॉटलवर हा उतार राखणे कठीण जाते.

सिम्युलेटरमधील भूदृश्य उपग्रहाच्या किंवा विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवर आणि नकाशांवर आधारलेले असते. त्यामुळे पडद्यावरच्या जलाशयातील पाणी त्या त्या ऋतूतील साठ्याप्रमाणे कमीजास्त होत नाही. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर ही चित्रे इंटरनेटवरून ओढून घेतो. जोडणी मंद असेल तर भूदृश्य ढोबळ दिसते, मात्र नियंत्रकाच्या चाचणीत त्याने बाधा येत नाही.

प्रशिक्षणातील स्थान : घरच्या सिम्युलेटरवरील तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान ४० आणि व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. व्यावसायिक परवान्याच्या उपकरण-उड्डाणातील ठरावीक तास सिम्युलेटरवर करता येतात, पण तो महासंचालनालयाने मान्य केलेला असावा लागतो. प्रत्यक्ष शिक्षणासाठी महाराष्ट्रात १९२८ साली स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब, तसेच बारामती आणि गोंदियाजवळील बिरसी येथील प्रशिक्षण केंद्रे आहेत. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ साली भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळवला तोही मुंबईत शिकून.

घरच्या सरावाचा उपयोग वेगळा आहे. तपासणी-यादी तोंडपाठ होते, उपकरणे वाचण्याची सवय लागते, नकाशा आणि जमीन यांचा मेळ घालता येतो. हाताचा आणि पायाचा स्पर्श मात्र त्यातून येत नाही. बोटांनी रडर चालवण्याची सवय लागलेल्याला खऱ्या विमानात पायांचा वापर नव्याने शिकावा लागतो. वैमानिक होण्याच्या इराद्याने सराव करणाऱ्याने पुढेमागे टेबलावरची जॉयस्टिक किंवा योक आणि पेडल घेणे इष्ट.

निवडीचा निष्कर्ष : नवशिक्याने घरात असलेला गेमपॅडच वापरावा आणि खर्च करण्याआधी जुळवणी नीट करून घ्यावी. गेमपॅड नसेल तर दाबानुसार चालणारे ट्रिगर आणि हॉल संवेदक असलेला, वायरचा साधा गेमपॅड घ्यावा. त्यावर चढणीतला रडर आणि उतरतानाचा थ्रॉटल यांची अडचण वारंवार जाणवू लागली आणि तरीही टेबलाची जागा नसेल, तरच खास उड्डाणासाठीचा हातातला नियंत्रक घेण्यात अर्थ आहे. ज्याच्याकडे कायमची जागा आहे त्याने तेवढ्याच पैशांत जॉयस्टिक घ्यावी. तिचा पल्ला मोठा असतो, आणि अचूकता बऱ्याच अंशी पल्ल्यावर अवलंबून असते.