वेल्लोरची वाटचाल : रुग्णाच्या उशाशी आलेले भौतिकशास्त्र

वेल्लोर म्हटले की मराठी माणसाला आधी आठवतो तो किल्ला. शिवछत्रपतींच्या दक्षिण मोहिमेत मराठी फौजेने त्याला वेढा घातला, शेजारच्या टेकड्यांवर साजरा आणि गोजरा हे दुर्ग बांधले आणि १६७८ मध्ये किल्ला काबीज केला. आज वेल्लोरसाठी काटपाडी जंक्शनवर उतरणाऱ्या बहुतेकांच्या मनात मात्र किल्ला नसतो. हातात रिपोर्टांची पिशवी, सोबत आजारी माणूस आणि तोंडी एकच पत्ता, ‘सीएमसी’. बंगालपासून ईशान्य भारतापर्यंतची आणि थेट बांगलादेशातली माणसे या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या भरवशावर दोन-दोन दिवसांचा प्रवास करून येतात.

या संस्थेवर लिहिणारे तिथल्या डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण तिच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत एक धागा सहसा नजरेआड राहतो, तो भौतिकशास्त्राचा. बी.एस्सी. फिजिक्स झालेल्या मुलाला पुढे काय, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी पडतो. बी.एड., स्पर्धा परीक्षा किंवा आयटीतली नोकरी, एवढीच उत्तरे बहुधा समोर येतात. वेल्लोरने त्याला आणखी एक उत्तर दिले आहे, आणि ते समजून घ्यायचे तर सुरुवात अगदी मागून करायला हवी.

एका खाटेचा दवाखाना

इडा सोफिया स्कडर यांचा जन्म १८७० चा, वेल्लोरजवळच्या राणीपेटचा. आजोबा जॉन स्कडर हे अमेरिकेतून भारतात आलेले पहिले वैद्यकीय मिशनरी आणि वडीलही मिशनरी डॉक्टर. इडा यांना मात्र या वाटेने जायचे नव्हते. तिंडिवनमला आईवडिलांकडे आल्या असताना एका रात्री तीन पुरुष एकामागून एक त्यांच्या दारी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या होत्या आणि परपुरुष डॉक्टरला घरात घ्यायला तिघांपैकी एकही तयार नव्हता. सकाळ झाली तेव्हा तिन्ही स्त्रिया दगावल्या होत्या. त्या रात्रीने इडा यांचे आयुष्य बदलले. १८९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि १९०० मध्ये वेल्लोरला परतून त्यांनी एका खाटेचा दवाखाना सुरू केला.

१९०२ मध्ये मेरी टेबर शेल यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. १९०९ मध्ये परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, आणि गावोगावच्या रस्त्यांवर झाडाखाली भरणारे दवाखानेही. १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा निघाली, १९४२ मध्ये तिचे एम.बी.बी.एस. महाविद्यालय झाले आणि १९४७ मध्ये मुलांनाही प्रवेश मिळू लागला.

या सनावळीतून संस्थेची रीत कळते. आधी अडलेला रुग्ण, मग त्याच्यासाठी विभाग आणि मग त्या विभागाला माणसे मिळावीत म्हणून अभ्यासक्रम, असा इथला क्रम राहिला. येशूच्या सेवाविषयक वचनातून घेतलेले संस्थेचे ब्रीद याच रीतीत उतरलेले दिसते. भौतिकशास्त्रही इथे याच क्रमाने आले.

दाब, क्षेत्रफळ आणि चप्पल

१९४६ मध्ये डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला आले. तमिळनाडूतल्याच कोल्ली टेकड्यांत, मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ मध्ये त्यांचा जन्म झाला होता. वैद्यकीय शिक्षणाआधी ते बांधकामाचा धंदा शिकले होते. वजन कुठे पडते आणि भार कोण पेलते, हे पाहायची सवय त्यांच्या हाताला आधीच होती.

कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, मांसच सडके होते, अशी तेव्हा सर्वत्र समजूत होती. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा वेगळेच दिसले. रोग मज्जातंतूंवर हल्ला करतो. हाताचे काही स्नायू लुळे पडतात, बोटे आत वळतात, पण पुढच्या हातातले दुसरे स्नायू शाबूत असतात. अशा धडधाकट स्नायूचा कंडरा वळवून बोटाला जोडला तर बोट पुन्हा उघडते. प्रत्येक सांधा ही एक तरफ. कंडरा सांध्यापासून किती अंतरावरून न्यायचा, ओढीची दिशा कोणती ठेवायची आणि ताण किती द्यायचा, हे सगळे बलांचे गणित. १९४८ मध्ये वेल्लोरला झालेली अशी शस्त्रक्रिया कुष्ठरोगाच्या इतिहासात जगातली पहिली मानली जाते.

पायाचा प्रश्न आणखी अवघड होता. हात नीट झाला तरी तळपायाच्या जखमा पुन्हा पुन्हा चिघळत. याचेही मूळ भौतिकशास्त्रात सापडले. आपण चालतो तेव्हा तळव्याच्या एका जागेवर ताण आला की ती दुखते, आणि नकळत आपण भार दुसरीकडे टाकतो. बधिर पायाला ही सूचनाच मिळत नाही. हजारो पावले त्याच जागेवर पडत राहतात. दाब फार मोठा नसला तरी तो सतत एकाच ठिकाणी येतो आणि आतले ऊतक फाटते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आठवी-नववीतले सूत्र. वजन कमी करता येत नाही, मग क्षेत्रफळ वाढवायला हवे.

त्यासाठी वेल्लोर आणि जवळच्या करिगिरीच्या कुष्ठरोग केंद्रात एका साध्या वस्तूवर चिकाटीने काम झाले, ती म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल. या रबरात हवेच्या बारीक बारीक बंद पोकळ्या असतात. त्याचा मऊपणा नेमका लागतो. फार मऊ असेल तर ते वजनाखाली चपटे होते आणि खालचा कठीणपणा पायाला जाणवतो. फार कडक असेल तर तळव्याच्या उंचवट्यांवरच सगळा भार येतो. योग्य मऊपणाचा थर वर आणि काटा-खडा आत न शिरू देणारा टणक थर खाली, अशी जोडणी केली की भार सगळ्या तळव्यावर पसरतो. ‘एमसीआर चप्पल’ या नावाने ती आजही देशभरातल्या कुष्ठरुग्णांना दिली जाते आणि बधिर पायाच्या मधुमेही रुग्णांनाही तिचाच आधार असतो. उपयोजित भौतिकशास्त्राचे याहून लोकोपयोगी उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

ब्रँड यांच्यासोबत काम करणाऱ्या डॉ. मेरी व्हर्गीस यांना १९५४ मध्ये मोटार अपघात झाला आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशात पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि परतून वेल्लोरचा पुनर्वसन विभाग उभा केला. १९६६ मध्ये तिथे रुग्णांना राहून उपचार घेता येतील अशी पुनर्वसन संस्था सुरू झाली. कॅलिपर, कृत्रिम पाय आणि चाकाची खुर्ची यांचे शास्त्र इथे रुजले, कारण ते जगणारी व्यक्तीच विभागप्रमुख होती.

मेंदूच्या लहरी, किरणांची मात्रा

१९४९ मध्ये डॉ. जेकब चांडी यांनी वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. डॉ. बलदेव सिंग यांच्या साथीने १९५२ मध्ये अपस्मारावरची शस्त्रक्रिया झाली. झटका मेंदूच्या कोणत्या भागातून उठतो हे कळायला ईईजी हवा. डोक्याच्या कातडीवर मिळणारा मेंदूचा विद्युत संकेत असतो काही दशक मायक्रोव्होल्टचा, आणि खोलीतल्या वीजतारांची ५० हर्ट्झची घरघर त्याच्या कितीतरी पट मोठी. दोन इलेक्ट्रोडना सारखाच मिळणारा गोंगाट वजा करून फक्त फरक वाढवणारा ॲम्प्लिफायर नसेल तर डॉक्टरला कागदावर वीजमंडळाचाच आलेख दिसेल. असे यंत्र समजणारा आणि दुरुस्त करणारा माणूस रुग्णालयात हवा, ही जाणीव अशा कामांतून येते.

किरणोपचाराने ही जाणीव पक्की केली. संस्थापिकेच्या पुतणीचे नावही इडा. या डॉ. इडा बी. स्कडर यांनी क्ष-किरण आणि किरणोपचाराची धुरा वाहिली. डॉक्टर सांगतो की या गाठीला रोज दोन ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) मात्रा द्या. पण यंत्रातून खरोखर दोनच ग्रे बाहेर पडतात, हे कोण सांगणार? ते काम मेडिकल फिजिसिस्टचे.

ते कसे चालते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्ण नसताना यंत्राखाली पाण्याची टाकी ठेवतात, कारण माणसाचे शरीर किरणांना बरेचसे पाण्यासारखेच वागवते. पाण्यात दहा सेंटिमीटर खोलीवर आयन चेंबर बसवतात. आत जेमतेम अर्ध्या घनसेंटिमीटरच्या आसपास हवा. किरण त्या हवेचे आयन करतात, आणि जमलेला विद्युतभार इलेक्ट्रोमीटर मोजतो. पण चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. तापमान तीन अंशांनी वाढले की हवा विरळ होते आणि आकडा सुमारे एक टक्का कमी दिसतो. म्हणून शेजारी तापमापक आणि वायुदाबमापक हवेच, आणि दुरुस्तीचा गुणक लावल्याशिवाय तो आकडा वापरता येत नाही. कोबाल्ट-६० चा स्रोत असेल तर त्याचा अर्धायुकाल सव्वापाच वर्षांचा, म्हणजे दर महिन्याला मात्रा जवळपास एक टक्क्याने घटते आणि उपचाराची वेळ तितकी वाढवावी लागते. रुग्णाला मिळणारी मात्रा ठरवलेल्या मात्रेच्या पाच टक्क्यांच्या आत असावी, असा जगभरचा दंडक आहे. ती कमी पडली तर कर्करोगाच्या पेशी वाचतात, जास्त झाली तर निरोगी ऊतक जळते. विद्यार्थ्याच्या वहीतल्या या एक-दोन टक्क्यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा तपासायचे.

अभ्यासक्रम उभे राहिले

या गरजांतूनच शिकवणे आले. फिजिक्सच्या पदवीधरांसाठी संस्थेत मेडिकल फिजिक्सचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. किरणांचे भौतिकशास्त्र, मात्रामापन, किरणजीवशास्त्र, शरीररचना आणि किरणसुरक्षा हे विषय विद्यार्थी शिकतो. ज्या टाकीवर तो हात बसवतो ती विभागातल्या रोजच्या वापरातली असते आणि ज्या उपचार-आराखड्याचा अभ्यास करतो त्यामागे प्रत्यक्षातला रुग्ण असतो. छातीवर किरणमात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज लावून वावरण्याची सवय पहिल्या वर्षीच लागते.

दुसरा धागा बायोइंजिनिअरिंगचा. हा विभाग उभा करण्यात सुरेश देवसहायम यांचे नाव अग्रभागी आहे. त्याआधी ते आयआयटी मुंबईत शिकवत, आणि शरीरातल्या संकेतांच्या विश्लेषणावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक त्या काळातले. स्नायूंचे आणि नसांचे विद्युत संकेत मोजणारी साधने इथे शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी घडवली जातात. स्वतः ॲम्प्लिफायर जोडून स्वतःच्याच दंडाचा संकेत पडद्यावर पाहिलेला विद्यार्थी विकतच्या पेटीपुढे हतबल होत नाही.

तिसरा धागा सहकार्याचा. आयआयटी मद्रास, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाळ संस्था आणि सीएमसी वेल्लोर मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचे एम.टेक. चालवतात. एका संस्थेकडे अभियांत्रिकी, दुसरीकडे वैद्यकीय उपकरणे घडवण्याचा अनुभव आणि तिसरीकडे रुग्णांचा ओघ. सगळे आपल्याच छताखाली असावे हा हट्ट तिघांनीही धरला नाही, हे मला मोलाचे वाटते.

वेल्लोर ते महाराष्ट्र

या वाटचालीचे महाराष्ट्राशी नाते वरवरचे नाही. राहुरीचे रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी मेबल हे वेल्लोरचेच विद्यार्थी. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, आणि १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय आणि कॅलिपर बनू लागले, तेव्हा वेल्लोरची रीत मराठवाड्याच्या उंबरठ्यावर आली. मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांना आयुष्य दिले. मिशन रुग्णालयाची परंपरा तर इथे वेल्लोरच्याही आधीची. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले होते, आणि त्याभोवती आजचे वैद्यकीय मिरज वाढले.

भौतिकशास्त्राच्या बाजूने तर मुंबई हेच देशाचे केंद्र. भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून किरण-भौतिकीची पदविका चालते, आणि देशभरातल्या रुग्णालयांतले कितीतरी मेडिकल फिजिसिस्ट त्या वर्गातून गेले. किरणोपचार यंत्रांना परवाना देणारे अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरला आहे. भाभा केंद्राने घडवलेले ‘भाभाट्रॉन’ हे देशी कोबाल्ट यंत्र प्रथम नवी मुंबईतल्या टाटा स्मारकाच्या खारघर केंद्रात बसले.

पुढचा टप्पा

म्हणजे आपल्याकडे यंत्र घडवणारे आहेत, नियम करणारे आहेत आणि रुग्णालयेही आहेत. विल्सन, झेवियर्ससारखी जुनी ख्रिस्ती महाविद्यालये आणि गावोगावची विज्ञान महाविद्यालये दरवर्षी फिजिक्सचे पदवीधर घडवतात. उणीव आहे ती महाविद्यालय आणि रुग्णालय यांच्यामधल्या दाराची. जिल्ह्याच्या ठिकाणी या दोहोंत अनेकदा एका रस्त्याचे अंतर असते, पण फिजिक्सचा विद्यार्थी तो रस्ता ओलांडतो तो फक्त आजारी पडल्यावर.

वेल्लोरने हे दार कोट्यवधींच्या यंत्रांनी उघडले नाही. त्याची सुरुवात वाकड्या बोटाने आणि चिघळलेल्या तळपायाने झाली. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी जवळच्या किरणोपचार किंवा पुनर्वसन विभागात आठवडाभर पाठवता येईल. प्राध्यापकाने एक पत्र लिहावे आणि रुग्णालयातल्या फिजिसिस्टने होकार द्यावा, एवढेच लागते. तिथे गेलेल्या मुलांपैकी दोघांना जरी आपली वाट सापडली, तरी महाराष्ट्रातल्या एखाद्या कर्करोग केंद्राला उद्या मात्रा अचूक मोजणारा माणूस मिळेल. एका खाटेपासून निघालेल्या संस्थेचा अनुभव सांगतो की सुरुवात एवढी लहान असली तरी चालते, फक्त ती रुग्णापासून व्हायला हवी.